नायजेरियात रेल्वेनं फिरायचंय? मग कुठली लाइन घ्यायची

लागोसला किंवा अबुजाला नोकरीनिमित्त आलेल्या आपल्या लोकांचा हा नेहमीचा प्रश्न, की इथे रेल्वे आहे म्हणे, मग सुट्टीला कुठली घ्यावी. तर लांब पल्ल्याच्या नव्या, स्टँडर्ड गेजच्या (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर 1435 मिमी) लाइन्स तीन आहेत: लागोस–इबादान, अबुजा–कडुना आणि वारी–इताक्पे. तिन्ही एकमेकींना कुठेच जोडलेल्या नाहीत, त्यामुळे लागोसहून गाडीत बसून अबुजाला उतरू हे डोक्यातून काढून टाका. आणि माझं एकच म्हणणं आहे, इथे गाडी कशी आहे ते नंतर बघा, आधी दोन्ही टोकांची स्टेशनं कुठे आहेत ते बघा. डबे तिन्हीकडे ठीकठाक आहेत, एसी आहे, सीटा बऱ्या आहेत, खरा वेळ आणि पैसा जातो तो स्टेशनला पोचण्यात आणि स्टेशनवरून गावात जाण्यात.

पहिल्यांदा जाणाऱ्यानं लागोस–इबादान घ्यावी असं माझं स्पष्ट मत. 157 किमी, डबल ट्रॅक, जून 2021 मध्ये सुरू झाली, अडीच-तीन तास लागतात. याच दोन गावांमधली जुनी लाइन इंग्रजांनी 1901 मध्येच चालू केली होती, ती 1067 मिमी गेजची, म्हणजे आपल्या मीटर गेजपेक्षा किंचित रुंद. लागोसचं मुख्य स्टेशन मोबोलाजी जॉन्सन, ते एबुटे मेटाला, म्हणजे मेनलँडवर (मुख्य भूमीवर), आणि तुम्ही राहणार लगूनपलीकडे (लगून म्हणजे खाडीसारखं पाणी) व्हिक्टोरिया आयलंड किंवा लेक्कीला, तर सकाळची गाडी पकडायला थर्ड मेनलँड ब्रिज ओलांडायला लागतो आणि त्या पुलावर सकाळी काय होतं ते लागोसमध्ये आठवडाभर राहिलेल्याला सांगायची गरज नाही. इकेजा-इलुपेजूकडच्यांनी तिकडे उलटं जाऊच नये, सरळ आगेगेला चढावं. पलीकडे इबादानचं स्टेशन मोनियाला, शहराच्या उत्तरेच्या टोकाला. म्हणजे उतरलात की लगेच इबादान नाही, अजून टॅक्सी किंवा केके करायची. (केके म्हणजे तीनचाकी रिक्षा, आणि त्यातल्या बऱ्याच आपल्या बजाजच्याच, बघून बरं वाटतं.)

म्हणून मी तर म्हणेन इबादानपर्यंत जाऊच नका, वाटेत अबेओकुटाला उतरा. तिथल्या स्टेशनला वोले सोयिंकांचं नाव दिलंय, 1986 चं साहित्याचं नोबेल मिळालेले, मूळचे याच गावचे. स्टेशन हेही जरा बाहेरच आहे पण गाव आटोपशीर, ओलुमो रॉक बघायचा, बाजारात आदिरे (निळीनं रंगवलेलं नक्षीचं) कापड बघायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. मुलांना घेऊन जायला यापेक्षा सोपी ट्रिप नाही. बुकिंग करताना मात्र एक लक्षात ठेवा, स्टेशनांना मोठ्या माणसांची नावं दिलीत, इबादानला ओबाफेमी आवोलोवो, आगेगेला बाबातुंडे फाशोला वगैरे, पण टॅक्सीवाला मोनिया आणि आगेगेच म्हणणार, तर दोन्ही नावं मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

अबुजा–कडुना ही वेगळीच गोष्ट. ही तिघींमधली सगळ्यात आधीची, जुलै 2016 ची, 186 किमी, दोन-अडीच तास. इथे लोक हौसेनं नाही, गरजेनं बसतात, कारण अबुजा–कडुना हायवे अपहरणांसाठी इतका बदनाम झाला की मंत्री-संत्री पण गाडीनं जायला लागले. आणि मग 28 मार्च 2022 ला गाडीवरच हल्ला झाला, रूळ उडवले, माणसं मेली, साठच्या वर लोकांना पळवून नेलं, शेवटचे 23 जण ऑक्टोबरमध्ये सुटले. लाइन डिसेंबर 2022 मध्ये परत चालू झाली, आता तिकिटाला राष्ट्रीय ओळख क्रमांक लागतो आणि गाडीबरोबर हत्यारबंद पहारा असतो. स्टेशनांचं म्हणाल तर अबुजाचं इडू औद्योगिक भागात, मध्यवस्तीपासून लांब, त्यापेक्षा कुब्वा बऱ्याच जणांना सोयीचं पडतं. कडुनाचं रिगासा शहराबाहेर, आणि तिथून गावात जायचा रस्ता हीच लोकांची खरी काळजी, म्हणून संध्याकाळी उशिरा पोचणारी गाडी घेऊ नका, आणि न्यायला ओळखीचा माणूस आलेला असेल तरच जा. काम असेल तर रस्त्यापेक्षा गाडीच बरी, पण नुसतं फिरायला म्हणून? मी तरी सांगणार नाही. ऑगस्ट 2025 मध्ये आशामजवळ गाडी घसरून पुन्हा काही आठवडे बंद होती, ते वेगळंच.

वारी–इताक्पे मात्र रेल्वेवेड्यांसाठी. तीनशेच्या वर किमी, इतिहास असा की 1987 मध्ये काम सुरू झालं ते इताक्पेचं लोहखनिज अजाओकुटाच्या पोलाद कारखान्याला न्यायला, कारखाना सोव्हिएत मदतीनं उभा राहिला पण पोलाद काही धड निघालं नाही, आणि लाइन रखडत रखडत शेवटी सप्टेंबर 2020 ला अधिकृतपणे उघडली. तेहतीस वर्षं! आपल्याकडचे रखडलेले प्रकल्प पण लाजतील. प्रवास सुंदर आहे, एका टोकाला डेल्टा राज्याची हिरवळ, दुसऱ्या टोकाला कोगी राज्याचे डोंगर. पण इताक्पे म्हणजे खाणीचं छोटं गाव, अबुजाहून तिथे यायलाच गाडी-रस्त्यानं काही तास, वारीकडचं स्टेशन उजेव्वूला, शहराबाहेर. फेऱ्या मोजक्या, इंजिन बिघडलं की जंगलात अडकलात. जानेवारी 2023 मध्ये याच लाइनवरच्या एडो राज्यातल्या टॉम इकिमी स्टेशनवरून वाट बघणाऱ्या प्रवाशांना पळवून नेलं होतं, त्याच महिन्यात गाडी कोगीच्या जंगलात घसरली पण होती. हे सगळं माहीत असूनही जावंसं वाटत असेल तर सोबत घ्या, एकटे जाऊ नका.

लागोसमध्येच राहून हौस भागवायची असेल तर ब्लू लाइन, म्हणजे शहरातली मेट्रो. 13 किमी, पाच स्टेशनं, मरीना ते माइल 2, विजेवर चालते, सप्टेंबर 2023 पासून प्रवासी नेते, आणि लगूनवरून मरीनाला शिरतानाचा तो तुकडा खरंच मस्त. पैसे कावरी कार्डनं (पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड). रेड लाइन ऑक्टोबर 2024 पासून, आग्बादो ते ओयिंग्बो, 27 किमी, आठ स्टेशनं, डिझेलची, पण फेऱ्या कमी आणि इबादानच्या गाड्यांबरोबर तेच रूळ वापरते, तर वेळापत्रक बघूनच निघा. मुंबईकरानं लोकलसारखी दर तीन मिनिटांनी येईल अशी अपेक्षा ठेवली तर डोकं फिरेल.

जुन्या छोट्या गेजच्या लाइन्स, ज्या एकेकाळी लागोसपासून कानोपर्यंत आणि पोर्ट हार्कोर्टपासून एनुगूच्या कोळसाखाणींवरून वर मैदुगुरीपर्यंत जायच्या, त्या प्रवासाच्या हिशोबात धरूच नका. पोर्ट हार्कोर्ट–आबा एवढा तुकडा एप्रिल 2024 मध्ये परत उघडला. गंमत म्हणजे 1979 ते 1982 ही अख्खी रेल्वे चालवायला आपल्या भारत सरकारच्या राइट्स (RITES) या रेल्वे-सल्लागार कंपनीची माणसं आली होती, जुने रेल्वेवाले भेटले तर अजून इंडियन्सचा विषय काढतात.

कुठलीही घ्या, आदल्या दिवशी गाडी नक्की सुटणार का ते बघा, स्टेशनवर तासभर आधी पोचा, पासपोर्ट जवळ ठेवा, आणि पोलीस-सैनिक दिसले तर विचारल्याशिवाय फोटो काढू नका.