घाण्याचं तेल, आठ महिन्यांनंतर: डबा आपला वाटतो, वेबसाइट परकी

आठ महिने झाले, आमच्याकडे एकाच कंपनीचं लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल येतंय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. तेल उत्तम आहे, हे आधीच सांगतो. झाकण उघडलं की शेंगांचा वास येतो. ठेच्यावर, चटणीवर कच्चं घ्यायला आणि फोडणीला छान. तळणाला मात्र वापरत नाही, फेस फार येतो.

माझी तक्रार वेबसाइटबद्दल आहे.

मी छापखान्यात डिझाइनचं काम करतो, म्हणून दोन लिटरचा तो पत्र्याचा डबा पहिल्यांदा हातात आला तेव्हा बराच वेळ न्याहाळत बसलो. हळदीसारखा पिवळा रंग, त्यावर गडद तांबड्या रेषांत घाण्याला जुंपलेला बैल. ‘शेंगदाणा’ हा शब्द हाताने काढलेला, शेवटच्या कान्याला कुंचल्याचा फराटा तसाच ठेवलेला. आणि बाजूला मराठीत: ‘तळाशी बसणारा गाळ शेंगदाण्याचाच आहे. डबा हलवू नये, वरचं तेल ओतून घ्यावं.’ कुणीतरी मनापासून केलेलं काम आहे ते.

वेबसाइट उघडा, तर यातलं काहीच नाही. पांढरी आणि मोरपंखी पानं, सगळा मजकूर इंग्रजीत, बैलाचा पत्ता नाही. फोटोत प्लॅस्टिकची बाटली आणि आत काचेसारखं नितळ तेल. तशी बाटली आमच्याकडे आजवर एकदाही आली नाही.

जानेवारीत सोलापूरला आईकडे एक डबा परस्पर पाठवला. आधी तिला वेबसाइटवरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. डबा पोचला आणि तिचा फोन आला, ‘अरे, हे ते नव्हे. तू बाटली दाखवली होतीस. कुणीतरी बदलून दिलंय.’ नऊ दिवस तिने सील तोडलं नाही. शेवटी मी तिला डब्यावरचा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी परवाना क्रमांक वाचायला लावला आणि इकडे वेबसाइटच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी एकेक अंक जुळवला. जुळला, तेव्हा कुठे तिने डबा फोडला. आठवड्याभरात पुन्हा फोन: ‘तळाला गाळ आहे, भेसळ दिसते.’ म्हटलं, आई, डब्याची बाजू वाच. तिने चष्मा लावून तो मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाली, ‘मग हे आधी मोबाइलवर का नाही लिहीत?’

तिचं बरोबरच आहे. वजन, किंमत, उत्पादकाचं नाव या गोष्टी ऑनलाइन विकताना दाखवणं २०१८ पासून बंधनकारक आहे, आणि त्या इथे आहेतही. पण गाळाची ती दोन वाक्यं छायाचित्राशेजारी हवीत. नितळ तेलाचा फोटो दाखवून गढूळसर तेल पाठवलं, तर खरा माल खोटा वाटतो.

रंग तंतोतंत जुळावा असा माझा हट्ट नाही. पत्र्यावर शाईने छापतात, पडद्यावर प्रकाशातून रंग तयार होतात, थोडा फरक राहणारच. पण पिवळ्याचा मोरपंखी होणं हा छपाईतला फरक नाही. डबा करणारे आणि वेबसाइट करणारे एकमेकांशी बोललेच नाहीत, असं मला वाटतं. गिऱ्हाईक आधी रंग ओळखतं, मग नाव वाचतं. २००९ मध्ये अमेरिकेत ट्रॉपिकानाने खोक्यावरचं स्ट्रॉ खोचलेलं संत्रं काढून टाकलं. लोकांना आपला ज्यूसच ओळखू येईना आणि विक्री इतकी घसरली की दोन महिन्यांच्या आत जुनं खोकं परत आणावं लागलं.

मी कंपनीला सविस्तर मेल लिहिला, सोबत डब्याचे चार फोटो जोडले. उत्तर सभ्य आलं. महिन्याभराने बाटलीच्या जागी डब्याचा फोटोही लागला, पण अंगठ्याएवढा. त्यात बैल दिसत नाही, अक्षर दिसत नाही, आणि बाकी पान आहे तसंच आहे.

तेलाला पाचपैकी पाच, डब्याला पाच, वेबसाइटला दोन. पुढचा डबा मागवणारच आहे. परवा मावशीने तेलाची चौकशी केली, तेव्हा तिला लिंक पाठवली नाही. ओट्यावरच्या डब्याचा पुढून एक आणि गाळाच्या मजकुराचा एक, असे दोन फोटो काढून पाठवले, आणि तिची ऑर्डर मीच दिली.