टायगरच्या जेवणातली एन्झाइम पावडर: आठ महिन्यांनंतर

टायगर आमचा जर्मन शेफर्ड, वय तीन वर्षं. अमळनेरजवळच्या मळ्यातच असतो. गेल्या वर्षी उन्हाळ्यात ३१ किलो होता. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला त्यालाही धुवायला घेतलं, तर साबण लावताना पाठीचा एकेक मणका बोटांना लागत होता. कापूस मोजायच्या काट्यावर चढवलं, तर साडेएकोणीस.

भूक मात्र मेली नव्हती, उलट दुप्पट झाली होती. कळण्याची भाकरी, दूध, चिकन, सगळं चाटूनपुसून खायचा आणि तरी उकिरड्यावर जाऊन शेण खायचा. दिवसातून पाच-सहा वेळा शी. ढीगभर, पिवळट-राखाडी, तेलकट. सासूबाई म्हणायच्या, "इतलं खास, तरी आंगले लागत नही."

आधी जिथे दाखवलं तिथे तीनदा जंताचं औषध दिलं, मग लिव्हरचं टॉनिक. दोन महिने त्यात गेले, त्याची हळहळ अजून आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी शी बघितली, जात विचारली आणि थेट टीएलआय नावाची रक्ततपासणी सांगितली. त्यासाठी कुत्र्याला रात्रभर उपाशी ठेवावं लागतं. २.५ च्या खाली आकडा आला की निदान पक्कं, आमचा १.४ आला. स्वादुपिंड पाचकरस बनवतच नव्हतं. पोट भरलेलं, पण अंग उपाशी. जर्मन शेफर्डमध्ये हा आजार जास्त आढळतो आणि बहुतेकदा ऐन तारुण्यातच दिसतो.

तेव्हापासून पॅनक्रिएटिनची, म्हणजे त्या पाचकरसातल्या एन्झाइमची पावडर. ती डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते, म्हणून घरात चालेल का, ते आधीच विचारून घ्या. आमच्याकडे सासूबाईंनीच "औषध हे औषध" म्हणून विषय मिटवला.

पहिल्या आठवड्यात काडीचा फरक नाही. पैसे वाया गेले असंच वाटलं. चूक माझीच होती: तव्यावरून काढलेली भाकरी गरम दुधात कुस्करून त्यावर पावडर टाकत होते. उष्णतेनं एन्झाइम मरतात. आता जेवण पूर्ण गार करते, पावडर कोमट पाण्यात कालवून सगळ्या घासांना लागेल अशी मिसळते आणि वीस मिनिटं तसंच ठेवते. डॉक्टर म्हणाले, थांबणं सक्तीचं नाही. पण कोरडी पावडर तोंडात चिकटून त्याच्या हिरड्यांतून रक्त आलं होतं, तेव्हापासून मी थांबतेच. मात्राही डॉक्टरांनी थोडी कमी करून दिली.

दुसऱ्या आठवड्यात शी तपकिरी आणि बांधीव झाली. सकाळी अंगणात ती बघून मला रडू आलं.

नुसत्या पावडरीनं भागलं नाही. बी-१२ कमी निघालं, म्हणून सहा आठवडे दर आठवड्याला इंजेक्शन, आता महिन्याला एक. तेव्हा कुठे अंगात तरतरी आली. कळण्याची भाकरी बंद केली, कारण जास्त चोथा असला की एन्झाइमचं काम मंदावतं. आता भात आणि उकडलेलं चिकन, तीन वेळा थोडं थोडं.

मे महिन्यात एक धडा मिळाला. डबा चुलीजवळच्या फळीवर राहिला होता. आपल्याकडचा उन्हाळा ४४-४५ अंशांचा! पावडरचे खडे झाले आणि तीन दिवसांत पुन्हा तीच तेलकट शी. नवा डबा आणला आणि तो आतल्या थंड, कोरड्या खोलीत घट्ट झाकण लावून ठेवला. तेव्हापासून त्रास नाही.

खर्च महिन्याला एका माणसाच्या किराण्याएवढा, आणि तोही जन्मभर. एक वेळ चुकली तरी दुसऱ्या दिवशी अंगणात कळतं, म्हणून लग्नाला गावी जाताना पुड्या बांधून शेजारच्या काकूंकडे देते.

आज वजन २८. पोळ्याला बैल धुताना टायगरलाही धुतलं, पाठीवर हात फिरवला तर मणके लागले नाहीत. बैलांना पुरणपोळी भरवली, तो गोठ्याच्या दारात बसून बघत होता. त्याला नाही दिली. त्याचा गार भात ओट्यावर भिजत होता.