मसाल्याचा डबा औषधाला: आठ महिने वापरल्यावर काय टिकलं, काय सुटलं

मार्चमध्ये हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतची हळकुंडाची कांडी दळून घेतली. तेव्हापासून दिवाळी होईपर्यंत घरातल्या बारीकसारीक तक्रारींवर आधी मसाल्याचा डबा उघडायचा, असा हा वापर. आधीच सांगून टाकतो, सगळ्यात जास्त काम ओव्याने दिलं. पण विचारणारे हळदीचंच विचारतात, म्हणून सुरुवात तिथून.

हिंगोली-नांदेडकडे पिकते ती हळद बहुतेक सेलम जातीची. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण नुसतं नाव ऐकून पिशवी भरू नका. कांडी मोडून बघा. कट्ट आवाज करून तुटली आणि आतून नारिंगी-पिवळी निघाली तर घ्या. चिवट लागली तर ओल आहे, अशा हळदीच्या पुडीला पावसाळ्यात गाठी होऊन बुरशी धरते. बाहेरून झगझगीत, आतून फिकी आणि ओल्या बोटाला भसकन रंग सुटतो, ती तिथेच ठेवावी. तयार पुडीसाठी पेल्यातल्या पाण्याची चाचणी सगळ्यांना माहीत असते: चमचाभर पूड टाकायची, न ढवळता थांबायचं. पाणी गडद पिवळं झालं तर वरचा रंग घातलेला आहे. मात्र हळदीत मिसळतात तो शिशाचा पिवळा रंग, लेड क्रोमेट, पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे तो या चाचणीतून सुटू शकतो. कांडी आणून दळायचा खटाटोप एवढ्यासाठीच.

दळताना कांडीचे आधी हरभऱ्याएवढे तुकडे करा. कांडपावर आधी मिरची झाली असेल तर थोडी हळद फिरवून ती वेगळी काढायला सांगा, नाहीतर हळदीचं दूध घशाला झोंबतं. पूड गरम निघते. ती कागदावर पसरून पूर्ण गार झाल्यावरच भरा, डब्यात वाफ कोंडली की गाठी झाल्याच. दुधासाठी वस्त्रगाळ पूड वेगळी काढावी, जाडी पूड तळाला बसते आणि शेवटचा घोट रेतीसारखा लागतो.

हळदीचं दूध. छोट्या पातेल्यात अर्धा चमचा तूप, मंद आच, त्यात सपाट पाव चमचा हळद. वीस-पंचवीस सेकंदांत कच्चा वास जातो. तपकिरी पडली तर टाकून द्या, कडूपणा पुढे कशानेच जात नाही. मग कपभर दूध, दोन मिरे जाडसर कुटून, एक उकळी. गूळ खाली उतरवून, दूध कोमट झाल्यावरच. उकळत्या दुधात गूळ पडला की ते नासतं, आणि दोष बिचाऱ्या हळदीला जातो. तूप यासाठी की हळदीतला गुणाचा पिवळा घटक, कर्क्युमिन, पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं.

मिऱ्यांचं जे ऐकतो, शोषण वीसपट वगैरे, ते 1998 च्या एका प्रयोगातलं आहे. त्यात माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं पायपरिन 20 मिलिग्रॅम दिलं होतं. आता आपल्या कपाचा हिशेब करू. पाव चमचा हळद म्हणजे पाऊण ग्रॅमच्या आसपास, त्यात 3 टक्के धरलं तर कर्क्युमिन वीस-बावीस मिलिग्रॅम. प्रयोगाएवढं पोटात जायला एका वेळी पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद खावी लागेल! म्हणून दुधाकडून अपेक्षा बेताचीच ठेवा. खवखवणाऱ्या घशाला बरं वाटतं, झोपताना गरम काही पोटात जातं. गुडघेदुखीत आठ महिन्यांत काही फरक जाणवला नाही.

हळदीच्या कॅप्सूलचं गणित वेगळं. मात्रा मोठी, वर मिऱ्याचा अर्क, आणि अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डोळे पिवळे, लघवी गडद दिसली की बंद करून दवाखाना गाठावा. रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्यांनी, पित्ताशयात खडे असलेल्यांनी आणि ऑपरेशन ठरलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. मुतखड्याची खोड असेल तर रोजचं हळदीचं दूधही नको, हळदीत ऑक्सलेट असतं. भाजीतल्या चिमटीला यातलं काही लागू नाही.

मुरगळ्यावरचा लेप मात्र पैकीच्या पैकी गुणांचा नसला तरी टिकला. दोन चमचे आंबेहळद, एक चमचा साधी हळद, पळीत पाणी घालून गॅसवर रटरटू द्या. उतरवून तुरीच्या दाण्याएवढा चुना. रंग लगेच पिवळ्याचा लालभडक होतो, कुंकू करतात ते याच गुणावर. मनगटावर आतल्या बाजूला कोमट लागतो का बघूनच लावा. इथे लोक चुकतात ते चुन्याच्या मापात. बोरएवढा चुना घातला की कातडी भाजते, फोड येतो. पहिल्या दिवशी सूज चढत असताना गरम लेप नको, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, लेप दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पाय टेकवतच नसेल तर आधी एक्स-रे.

उघड्या जखमेत हळद भरायची सवय सोडलेली बरी. अमेरिकेत जखमेवरच्या हळदीसाठी 1995 मध्ये पेटंट दिलं गेलं आणि भारताच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने, सीएसआयआरने, लढून 1997 मध्ये ते रद्द करवलं, हे अभिमानाने सांगितलं जातं, सांगावंच. पण ते रद्द झालं ते ही माहिती जुनी आहे म्हणून. गिरणीतून आलेली पूड निर्जंतुक नसते. वाहत्या पाण्याने जखम धुवा, गंजकं लोखंड लागलं असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

आता ओवा. पंगतीत बट्टी जास्त झाली, पोट डब्ब झालं, की अर्धा चमचा ओवा आणि चिमूटभर काळं मीठ नीट चावून वर कोमट पाणी. गिळायचा नाही, चावायचा, तेल दाण्याच्या आत असतं. अर्ध्या तासात ढेकर. पण छातीत जळजळ असेल तेव्हा ओवा आग वाढवतो, हा फरक बऱ्याच जणांना कळत नाही. नाक चोंदलं तर ओवा कोरडा भाजून सुती फडक्यात पुरचुंडी करायची आणि वास घ्यायचा. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ नको, आणि बाळगुटीत वेखंड-जायफळ उगाळून देणंही नको.

मेथी रात्री चमचाभर भिजत घालून सकाळी चावून. पहिला आठवडा गॅस होतो, मग बसतं. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर साखर एकदम खाली जाऊ शकते, तपासून घ्या. दालचिनी म्हणून दुकानात मिळते ती जाड सालीची, बहुतेक कॅसिया नावाची दुसरी जात, तिच्यातलं कुमारिन यकृताला त्रासदायक, म्हणून रोज चमचाभर वगैरे करू नका. जेष्ठमध खोकल्याला चांगला, बीपीवाल्यांना वाईट, तो बीपी चढवतो.

एप्रिल-मेमध्ये परभणीचा पारा 42 च्या वर असताना सुंठ-मिऱ्याचा काढा कुणालाच सोसला नाही, तोंड येऊन बंद झाला. त्या दिवसांत धने-जिऱ्याचं पाणी: दोन चमचे धने, एक चमचा जिरं ठेचून रात्रभर तांब्याभर पाण्यात, सकाळी गाळून खडीसाखर. उन्हाळी लागली, लघवीला आग झाली, तर दिवसभर हेच थोडं थोडं. सोबत ताप किंवा कंबरेत कळ असेल तर धन्यांवर विसंबू नका. ऊन लागून माणूस बरळायला लागला तर ओलं फडकं, वारा आणि तडक दवाखाना.

डाग आणि बरणीबद्दल शेवटचं. लेपाचे डाग साबणाने लाल होतात, म्हणून घाबरू नका. नुसत्या पाण्याने खळबळून कपडा कडक उन्हात टाकला की एक-दोन दिवसांत डाग उडतो. खिडकीतल्या काचेच्या बरणीतली हळदही त्याच उन्हाने तशीच उडते. तिला स्टीलच्या डब्यात, फडताळात ठेवा.