चांदीचं पहिलं नाणं: कोरं बुलियन, जुनं झिजलेलं, की सीलबंद?

नाणी जमवायला निघालेल्या सोळा-अठरा वर्षांच्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: नाणं कुठलं घेऊ? मी त्याआधी एक गणित करायला सांगतो. वजनाला कसाने, म्हणजे शुद्धतेच्या प्रमाणाने गुणा आणि त्या दिवसाच्या चांदीच्या भावाने गुणा. आली ती नाण्याची मोडीची किंमत. विक्रेता त्याच्यावर जे मागतो, ते नाणेपणाचे पैसे. अमेरिकेचा जुना मॉर्गन डॉलर 26.73 ग्रॅमचा आणि 90 टक्के कसाचा, म्हणजे त्यात निव्वळ चांदी 24 ग्रॅमच्या जरा वर. आता वरचे पैसे नेमके कशाचे द्यायचे, हे तुम्हाला सांगता आलं तर घ्या. सांगता येत नसेल तर त्या दिवशी नाणं तिथेच राहू द्या.

पहिला पर्याय बुलियन नाण्यांचा. सरकारी टाकसाळी ही नाणी चांदीत पैसे ठेवणाऱ्यांसाठी पाडतात. अमेरिकेचं सिल्व्हर ईगल 1986 पासून निघतं, कॅनडाचं मेपल लीफ 1988 पासून आणि ऑस्ट्रियाचं फिलहार्मोनिक चांदीत 2008 पासून. एक औंसाचं नाणं 31.1 ग्रॅमचं असतं. हा ट्रॉय औंस. किराणा मोजायचा 28.35 ग्रॅमचा औंस वेगळा, आणि नवशिक्यांची पहिली गल्लत इथेच होते. कसही नाण्यागणिक बघावा लागतो. ब्रिटनचं ब्रिटानिया 1997 पासून 2012 पर्यंत 958 कसाचं, म्हणजे हजारात 958 भाग चांदीचं होतं, 2013 पासून ते 999 झालं.

बुलियनचं मोठं सुख म्हणजे ते पारखायला सोपं. वजन, व्यास आणि जाडी टाकसाळच जाहीर करते. तांबं, जस्त, निकेल हे तिन्ही धातू चांदीपेक्षा हलके आहेत. त्यामुळे नकली नाणं वजनात बसवायला जावं तर जाड होतं, जाडीत बसवावं तर हलकं भरतं. शिसं मिसळून वजन जुळवलंच, तर नाद बद्द येतो. व्यास-जाडी मोजायचा साधा कॅलिपर आणि 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घरी असला की बरीचशी फसवणूक तिथेच पकडली जाते.

याहून पक्की परीक्षा पाण्याची. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल पण बुडाला टेकणार नाही असं धरा. एक औंसाचं शुद्ध चांदीचं नाणं असेल तर काटा 2.96 ग्रॅमच्या आसपास दाखवेल, कारण चांदी पाण्याच्या 10.49 पट घन आहे, आणि 31.1 ला 10.49 ने भागलं की जवळपास तेवढंच येतं. नंतर नाणं मऊ कापडाने टिपून घ्या, घासू नका. हा प्रयोग एकदा स्वतःच्या हाताने करा. पुढे कुणी कितीही खात्री दिली तरी नजर आधी काट्याकडे जाईल.

उणं काय? संग्राहक म्हणून शिकायला इथे थोडंच मिळतं. चालू वर्षांची बहुतेक बुलियन नाणी चांदीच्या भावाबरोबर चढतात आणि उतरतात. कोऱ्या नाण्यावर पुढे दुधाळ पांढरे डागही उमटू शकतात. मेपल लीफ त्यासाठी बदनाम होतं, म्हणून कॅनडाच्या टाकसाळीने 2018 पासून डाग टाळणारी प्रक्रिया सुरू केली. आणखी एक गोष्ट: अर्ध्या, पाव किंवा दशांश औंसाची नाणी खिशाला परवडणारी वाटतात, पण त्यांच्यावर चांदीच्या मानाने वरचे पैसे जास्त जातात. तीन छोटी घेण्यापेक्षा थोडं थांबून एक पूर्ण औंसाचं घ्या.

दुसरा पर्याय जुन्या, चलनात फिरलेल्या नाण्यांचा. माझा जीव इथे आहे, म्हणून माझं झुकतं माप आधीच कबूल करतो. मॉर्गन डॉलर 1878 ते 1904 आणि पुन्हा 1921 मध्ये पाडले गेले. मागच्या बाजूला पुष्पचक्राखाली बारीक अक्षर असतं: एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ओ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, दोन सी म्हणजे कार्सन सिटी. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर अक्षरच नाही. किती नाणी पाडली याचे आकडे सहज मिळतात, पण नवखा त्या आकड्यांवर लगेच विसंबतो. अमेरिकेच्या 1918 च्या पिटमन कायद्यानंतर 27 कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले गेले आणि त्यात कुठल्या सालाचे किती गेले याची नोंद ठेवली गेली नाही. किती पाडली आणि किती उरली, हे दोन वेगळे हिशेब आहेत.

सालाचंही तसंच. ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिच्या नावाच्या थेलर या चांदीच्या नाण्यावर 1780 हे साल असतं, कारण त्या वर्षी राणी वारली. पण व्यापारात त्याच नाण्याला इतका मान होता की पुढे विसाव्या शतकातही ते त्याच सालासकट पाडलं जात राहिलं. साल वाचून ‘अडीचशे वर्षं जुनं’ म्हणून कुणी भाव सांगितला, तर तो मान्य करू नका. ते नाणं 833 कसाचं, 28 ग्रॅमच्या जरा वर, आणि नंतरच्या काळातलं असलं तरी हाती धरायला सुंदर.

जुन्या नाण्यात धोका दोन प्रकारचा. एक, बनावट. 1893 चे सॅन फ्रान्सिस्कोचे डॉलर एक लाखच पाडले गेले, म्हणून फिलाडेल्फियाच्या त्याच सालच्या नाण्यावर ‘एस’ चिकटवून विकण्याचे प्रकार होतात. नवशिक्याने दुर्मीळ सालांच्या वाटेला जाऊच नये. दुसरा धोका जास्त वेळा गाठतो: घासलेलं नाणं. शाळेत असताना मी एक काळपट नाणं दंतमंजनाने चकचकीत केलं होतं. आजही ते दिव्याखाली तिरकं धरलं की एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या रेघा दिसतात. न घासलेलं, न झिजलेलं नाणं तसंच फिरवून बघा, उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा पृष्ठभागावर गोल सरकतो. घासलेल्या नाण्यावर तो सरकत नाही, नुसता पसरतो. आपोआप चढलेला काळपटपणा हा दोष नाही. घासून गेलेला पृष्ठभाग मात्र परत येत नाही, आणि संग्राहक त्याचे पैसे कापतात.

प्रूफ नाण्यांबद्दल थोडक्यात. चकाकवलेल्या साच्याने दोन किंवा अधिक ठोके देऊन पाडलेली ही नाणी, आरशासारखी जमीन आणि त्यावर दुधट उठाव. देखणी असतात यात वाद नाही. पण टाकसाळीची किंमत मुळातच चढी असते, विकताना ती क्वचितच परत येते, आणि बोटाचा एक ठसा कायमचा बसतो. स्वतःला आवडलं म्हणून घ्या, नफ्यासाठी नको. त्यावर देशाचं नाव आणि दर्शनी मूल्य आहे ना, तेवढं बघा. नसेल तर ते बहुधा पदक असतं. आणि ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणून जे विकतात, त्यात चांदीचा कणही नसतो. ते तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण आहे.

तिसरा पर्याय सीलबंद, म्हणजे पीसीजीएस किंवा एनजीसीसारख्या संस्थांनी 1 ते 70 च्या श्रेणीत गुण देऊन प्लॅस्टिकच्या डबीत बंद केलेली नाणी. महाग नाण्याला ही डबी हवीच, कारण 64 आणि 65 या दोन गुणांमध्येही भाव मोठी उडी घेऊ शकतो. डबीवरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून चित्र जुळवा, डब्याही नकली निघतात. स्वस्त नाण्याला मात्र डबीचा खर्च नाण्यापेक्षा जड होतो, शिवाय नाणं हातात घेऊन शिकण्याची सोय जाते.

कुठे घ्यायचं? घेण्याआधी विक्रेत्याला विचारा: हेच नाणं उद्या परत आणलं तर काय द्याल? उत्तर देणाऱ्याकडून घ्या. पावतीवर वजन आणि कस लिहून मागा. ऑनलाइन घेताना घरच्या मोठ्यांना सोबत बसवा, आणि ‘शेवटचे दहा मिनिटं’ म्हणणाऱ्याची जाहिरात बंद करा.

मला विचाराल तर पहिलं नाणं एक औंसाचं बुलियन घ्या आणि वजन-पाण्याच्या परीक्षा त्याच्यावर गिरवा. दुसरं ते दहावं, सगळी सर्वसामान्य सालांची झिजकी जुनी नाणी घ्या, मोडीच्या किमतीच्या जवळपास. तिथे चूक झाली तरी चांदी हातात राहते. मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटात काही ठेवू नका, काही महिन्यांत हिरवट चिकटा धरतो. नाणं नेहमी कडेला धरा, खाली मऊ कापड असू द्या, आणि प्रत्येक नाण्यापुढे वहीत तारीख, वजन आणि दिलेली किंमत लिहून ठेवा.