गाळातलं विष: आधी यंत्र की आधी जीव?

नदी-समुद्राच्या तळाचा गाळ प्रयोगशाळेत दिला की जीसी-एमएस, आयसीपी-एमएस या रसायनं नि धातू मोजणाऱ्या यंत्रांवर पारा, शिसं, पीसीबी (कारखान्यांतली क्लोरीनयुक्त रसायनं), डीडीटीचे आकडे बिनचूक मिळतात. पण यंत्राला सांगाल तेवढंच ते शोधतं. शिवाय आकडा मोठा म्हणून विष जास्त, असंही नाही. प्राणवायू नसलेल्या गाळात कॅडमियम, जस्त सल्फाइडला धरून बसतात, जीवांपर्यंत फारसे पोहोचतच नाहीत.

दुसरी पद्धत उलटीकडून येते. गाळात ॲम्फिपॉड, म्हणजे कोळंबीच्या लांबच्या नात्यातले चिमुकले जीव, सोडायचे. मेले, तर त्याच गाळाच्या एका भांड्यात झिओलाइट हे खनिज घालायचं, ते अमोनिया ओढतं. दुसऱ्यात नारळाच्या करवंटीच्या कोळशाची पूड, सेंद्रिय विषांसाठी. तिसऱ्यात धातू पकडणारं रेझिन. कुठल्या भांड्यात जीव तगले, त्यावरून विषाचा गट कळतो. अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे पर्यावरण संरक्षण संस्थेने, २००७ मध्ये याची मार्गदर्शिकाच काढली.

कॅलिफोर्नियातल्या शहरी ओढ्यांचा गाळ हायालेला या ॲम्फिपॉडला मारत होता. अशा गाळात पायपरोनिल ब्युटॉक्साइड, म्हणजे जीवाच्या शरीरातली रसायनं मोडणारी यंत्रणा रोखणारं रसायन, घातलं आणि विषारीपणा वाढला, तर संशय पायरेथ्रॉइड कीटकनाशकांवर; डायझिनॉनसारख्या ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांचा विषारीपणा उलट घटतो. मग बायफेंथ्रिनसारखं (हे एक पायरेथ्रॉइड) नेमकं नाव यंत्राकडून घ्यायचं. मला हाच क्रम पटतो.

अपवाद पाऱ्याचा. जपानमधल्या मिनामाटात तो मासळीतून माणसांत गेला. असं साठत जाणारं विष ॲम्फिपॉड जिवंत असतानाही घातक असू शकतं, तिथे थेट गाळ आणि मासळी दोन्ही यंत्रावर तपासावीत.