मुलाची व्हीलचेअर: घडीची, हलकी की सीपी चेअर?

युनिफॉर्म वाढत्या मापाचा घेतला तर बाह्या दुमडता येतात, खुर्चीचं तसं नाही. आम्ही पहिली खुर्ची 'तीन-चार वर्षं पुरेल' म्हणून मोठीच घेतली. लेक तिच्यात एका बाजूला कलंडायची, आणि चाकाला हात पोचवायचा तर खांदे वर ओढायची.

दुकानात आधी दाखवतात ती घडीची लोखंडी खुर्ची. स्वस्त, रिक्षात मावते, पंक्चर सायकलवालाही काढून देतो. मूल नीट बसत असेल, फक्त लांब चालताना दमत असेल, तर ती पुरते. पण तिची रेक्झिनची बैठक झोळीसारखी खाली बसते: मांड्या एकमेकींवर दाबल्या जातात, कंबर तिरकी होते, पाठीला बाक येतो. शाळेत सहा तास अशा झोळीत बसवणं मला पटत नाही. हीच घ्यायची असेल तर निदान टणक फळी आणि वर चांगली गादी घाला.

हातांत जोर असेल, उदाहरणार्थ स्पायना बायफिडा (जन्मतः पाठीच्या कण्यात असलेला दोष) असलेलं मूल, तर मापाने बनवलेली अॅल्युमिनियमची हलकी खुर्ची घ्या. महाग पडते, तरी माझा कौल तिलाच. मधल्या सुट्टीत मूल स्वतःहून मैत्रिणींच्या मागे जातं, कुणी ढकलायची वाट बघत नाही. मागची चाकं थोडी पुढे घेतली की ढकलायला सोपं जातं, पण खुर्ची मागे उलटायची भीती वाढते. म्हणून मागची छोटी आधारचाकं हवीतच. पायांना संवेदना नसेल तर गादीवर काटकसर नको, आणि रोज रात्री त्वचा लाल झाली आहे का ते बघा.

मान किंवा धड सावरत नसेल, तर सीपी चेअरला, म्हणजे सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर ताबा नसलेल्या) मुलांसाठीच्या, मान-धडाला आधार देणाऱ्या खुर्चीला पर्याय नाही. त्यातही बैठक आणि पाठ एकत्र मागे कलणारी बघा. नुसती पाठ कलली की मूल पुढे घसरतं. भरवताना मात्र सरळच बसवा, नाहीतर ठसका लागतो. खुर्ची जड असते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत ती तळमजल्यावरच राहते. बॅटरीच्या खुर्चीचंही तेच.

माप मुलाला बसवूनच घ्या: कमरेच्या दोन्ही बाजूंना जेमतेम बोटभर जागा, गुडघ्याच्या मागे दोन-तीन बोटं, पावलं फूटरेस्टवर सपाट. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या सरकारच्या एडिप योजनेत एकदा साधन मिळाल्यावर पुन्हा मागायला तीन वर्षं थांबावं लागतं. बारा वर्षांखालच्या मुलांना ही अट एकच वर्षाची. म्हणजे वाढत्या मापाचा मोह तिथे तरी नको. योजनेसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं.

आणि दुकानात जायच्या आधी न्हाणीघराच्या दाराची रुंदी टेपने मोजा. आमची पहिली खुर्ची तिथेच अडायची.