३१ ऑक्टोबरच्या रात्री कोणता: 'हॅलोवीन' की 'ब्लेअर विच'?

३१ ऑक्टोबर म्हणजे भुताखेतांच्या हॅलोवीन सणाची रात्र. भयकथा लिहिणाऱ्याने त्या रात्री एकच सिनेमा बघायचा, तर माझं मत जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोवीन'ला (१९७८). सुरुवातीलाच कॅमेरा मुखवट्याच्या दोन भोकांतून बघतो आणि आपण नकळत खुन्याच्या डोळ्यांत जाऊन बसतो. कथा कुणाच्या नजरेतून सांगायची, याचा इतका चोख धडा मला दुसरीकडे मिळालेला नाही. पियानोची ती सुरावटही कार्पेंटरचीच. पाच मात्रांची, त्यामुळे कानाला स्वस्थता म्हणून मिळत नाही.

'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (१९९९) वेगळ्याच जातीचा: चेटकिणीच्या शोधात जंगलात गेलेल्या तिघांची गोष्ट. नटांनी स्वतः कॅमेरा धरलाय आणि चेटकीण शेवटपर्यंत दिसतच नाही. तंबूबाहेरच्या आवाजांनी अंगावर काटा येतो, पण मधली भांडणं फार लांबतात. लिखाण अडलं असेल तेव्हा हा जरूर बघा.